गांजाविरुद्ध बोलताना झाडाबद्दल खोटं सांगू नका

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांचे मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघ आणि शाळाशाळांतून अमली पदार्थविरोधी व्याख्यानं देणारे सर्व वक्ते

विषय : आठवी ते बारावीच्या मुलांना भांगेच्या झाडाची पूर्ण माहिती देण्याबाबत

स.न.वि.वि.

मी ठाण्यात राहते. अनेक वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. २६ जूनला जागतिक अमली पदार्थविरोधी दिन असतो. त्याच्या आगेमागे आपल्या शाळांत व्याख्यानं ठरतात, पोस्टर स्पर्धा होतात, प्रभातफेऱ्या निघतात. ते सगळं व्हायलाच हवं. घोडबंदर रोड असो की कोपरखैरणे, शाळेच्या फाटकापासून फार लांब नसलेल्या टपरीवर काय मिळतं हे आपण सगळे जाणतो, आणि पालक म्हणून, शिक्षक म्हणून त्याची धास्ती मलाही आहे. हे पत्र त्या धास्तीपोटीच लिहिते आहे, कारण आपण मुलांना जे सांगतो त्यात एक मोठी खोट आहे.

गेल्या वर्षी अशाच एका व्याख्यानाला मी मागच्या बाकावर बसले होते. वक्त्यांनी पडद्यावर कातरलेल्या कडांचं ते ओळखीचं पान दाखवलं आणि सांगितलं, की या झाडाचं मूळ, खोड, पान, बी सगळं विष आहे, जगात याचा कशालाही उपयोग नाही. नववीतला एक मुलगा उठला. ‘‘सर, महाशिवरात्रीला थंडाईत घालतात ती भांग याचीच ना? मग ती कशी चालते?’’ त्याला ‘‘खाली बस, फाजील प्रश्न नकोत’’ असं उत्तर मिळालं. पुढच्या अर्ध्या तासात वक्त्यांनी गांजामुळे स्मरणशक्तीवर, अभ्यासावर, मनावर काय परिणाम होतात ते सांगितलं आणि ते बरोबर होतं. पण वर्ग त्यांच्या हातून तोवर निसटला होता.

मुलाचा प्रश्न फाजील नव्हता. तो कायद्याचा प्रश्न होता, वनस्पतिशास्त्राचा होता आणि घरातल्या परंपरेचाही होता. त्याचं खरं उत्तर आहे, आणि ते मुलांना पेलतं.

उत्तर असं. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची उत्पादनं आहेत. १९८५ साली संसदेने केलेला अमली पदार्थांचा कायदा, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, तो या झाडाकडे सरसकट पाहत नाही, भागाभागाने पाहतो. झाडाची राळ म्हणजे चरस. फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांशिवाय नुसती पानं किंवा नुसतं बी असेल, तर ते त्या कायद्याच्या गांजात मोडत नाही. म्हणून पानांपासून केलेली भांग केंद्राच्या या कायद्यातून बाहेर राहिली आणि तिचं काय करायचं ते राज्यांवर सोपवलं गेलं. काही राज्यांत परवान्याची भांगेची दुकानं आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय भांग बनवणं, बाळगणं, घेणं हा गुन्हा आहे. थोडक्यात, त्या मुलाला सांगायला हवं होतं, ‘‘बाळा, वाराणसीत जे दुकानात मिळतं ते ठाण्यात परवान्याशिवाय चालत नाही, आणि का ते सांगतो, ऐक.’’ यात दोन मिनिटं गेली असती आणि वर्ग ऐकत राहिला असता.

मुलांच्या हातात फोन आहे. याच झाडाचं बी पाकिटात भरून खाद्यपदार्थ म्हणून ऑनलाइन विकलं जातं, हे त्यांना क्षणात सापडतं. ते विकणं कायदेशीरही आहे. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली भांगेचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना, नशेच्या द्रव्याची मर्यादा घालून, अन्न म्हणून मान्यता दिली. ‘बीसुद्धा विष’ हे वाक्य खोटं आहे, हे मुलाला त्याच संध्याकाळी कळतं. मग ‘गांजाने मेंदूवर परिणाम होतो’ हे खरं वाक्यही तो त्याच टोपलीत टाकतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ज्या वयात मुलं आपली प्रत्येक गोष्ट तपासून पाहतात, त्या वयात आपण एकही खोटं वाक्य बोलायचं नाही.

आता झाडाबद्दल. मी शिक्षिका आहे, त्यामुळे इथे थोडी रमणार, ते चालवून घ्यावं.

भांग हे वर्षायू झाड आहे. नर वेगळा, मादी वेगळी, परागण वाऱ्याने. दाट पेरलं की ते फांद्या न फोडता सरळ पुरुषभर आणि त्याहून उंच जातं. त्याच्या सालीत लांब, चिवट तंतू असतात. माणसाने या झाडाला हाताशी धरलं त्याची जुनी कारणं तीन, धागा, बी आणि औषध. त्यातल्या धाग्याचा एक पुरावा तर आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि शाळेच्या सहलीत बहुतेक मुलं त्याच्यासमोर उभी राहून आलेली असतात. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी तो गिलावा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि २०१६मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथल्या चित्रांचं किड्यांनी पुष्कळ नुकसान केलं आहे. वेरूळला तसं झालं नाही, आणि त्याचं श्रेय या संशोधकांनी भांगेच्या मिश्रणाला दिलं. देवगिरीच्या किल्ल्यावरच्या गिलाव्यातही त्यांना हेच सापडलं. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या आपल्याच गवंड्यांना या झाडाचा गुण ठाऊक होता, हे ऐकून नववीतलं पोर डोळे मोठे करतं की नाही ते एकदा करून पाहा.

उत्तराखंडात हे आजही जिवंत आहे. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत भांगेच्या सालीचे दोर वळतात, जाडंभरडं कापड विणतात. बी भाजून, वाटून, त्यात जिरं, मिरची आणि लिंबू घालून चटणी करतात. अळकुड्यांच्या भाजीत त्याच बियांचं वाटण पडतं. ही नशा नव्हे, रोजचं जेवण आहे. बियांत तेल आणि प्रथिनं भरपूर असतात आणि नशेचं द्रव्य जवळजवळ नसतंच. त्याच राज्याने २०१८मध्ये एनडीपीएस कायद्याच्या १४व्या कलमाचा आधार घेऊन धागा आणि बी यांसाठी भांगेच्या शेतीचे परवाने द्यायला सुरुवात केली. अट अशी, की झाडात टीएचसी या नशेच्या द्रव्याचं प्रमाण ०.३ टक्क्यापेक्षा जास्त नको. म्हणजे ज्या कायद्याची आपण मुलांना भीती घालतो, त्याच कायद्यात धाग्यासाठी एक दार ठेवलेलं आहे. मुलांना ते दार दाखवलं म्हणून ती गांजा ओढायला लागत नाहीत. कायदा विचार करून लिहिलेला असतो, एवढं मात्र त्यांना कळतं.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने दोरासाठी भांगेवर भिस्त ठेवली नाही, कारण त्याच्याकडे अंबाडी आणि ताग होते. तिन्ही झाडं वेगवेगळ्या कुळांतली. अंबाडी भेंडीच्या कुळातली, ताग शेंगावर्गीय, आणि भांगेचं कूळ तिसरंच. (गोणपाटाचा ताग म्हणजे ज्यूट, तो आणखी वेगळा. मी म्हणते तो पिवळ्या फुलांचा, ज्याला काही भागांत सण किंवा बोरू म्हणतात तो.) पण तिघांच्याही सालीत तंतू, आणि ते काढायची रीत एकच. फुलावर आलं की कापायचं, पेंढ्या बांधून पाण्यात दडपून ठेवायच्या, साल कुजून सैल झाली की सोलायची, धुवायची, वाळवायची. हाती येतो तो वाख. मग चातीवर, म्हणजे सूत पिळायच्या फिरकीवर, पीळ द्यायचा आणि त्यातून सुतळी, कासरा, दावं, मोरकी, चऱ्हाट जे हवं ते वळायचं. उरलेल्या सणकाड्या चुलीला. अंबाडीचा पाला भाजीला, तागाचं कोवळं पीक नांगरून शेतातच गाडलं तर हिरवळीचं खत. पोळ्याला बैलाची जुनी वेसण आणि मोरकी काढून नवी घालायची, त्यामागे ही सगळी मेहनत असे. दोर वळणं हे आपल्याकडे मातंग समाजाचं पिढीजात कसब. मोटेचा नाडा त्यांच्या हातचा असे. ज्या दोरावर गावाचं पाणी वर येत होतं, तो वळणाऱ्या हातांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि आपला समुद्र. चेंदणी कोळीवाडा ठाणे स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे. पलीकडे दिवाळे, सारसोळे, वाशीगाव. नायलॉन येण्याआधी इथल्या खाडीतली जाळी सणाच्या, म्हणजे त्याच तागाच्या, आणि सुती धाग्याची असत. मोठ्या डोल जाळ्याला भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तासन्‌तास टिकायचं असतं, म्हणून तिथे सणच. असं जाळं पाण्यात कुजतं, त्यामुळे ते झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून रंगवायचे, वाळवायचे आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त करायचे. नायलॉन कुजत नाही, हलकं असतं, वाळवत बसावं लागत नाही. कोळ्यांनी ते घेतलं यात त्यांचं काहीच चुकलं नाही. फक्त आज खाडीतल्या तिवरांच्या मुळांत अडकलेले नायलॉनचे गुंते पाहिले, की न कुजण्याची दुसरी बाजूही दिसते. कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांपैकी ज्यांनी लहानपणी हे जाळं विणताना पाहिलं, ती माणसं आता थकली आहेत. शाळांना त्यांना बोलवायचं असेल तर लवकर बोलवावं.

औषधाचं मी थोडक्यात सांगते, कारण तो वैद्यांचा प्रांत आहे. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. जातिफलादि चूर्णासारख्या औषधी मिश्रणांत ती पडते. पण हेही सांगायला हवं, की शास्त्रकारांनी तिची गणना उपविषांत केली आहे आणि शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याशिवाय ती वापरायची नाही असा दंडक घातला आहे. आजच्या औषध कायद्याच्या नियमांतही ती आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची. आणि बी त्या यादीतून वगळलेलं आहे, पुन्हा तोच भागाभागाचा विचार. ‘आयुर्वेदात आहे म्हणजे निरुपद्रवी’ असं जे समाजमाध्यमांवर फिरतं, त्याचं याहून चांगलं उत्तर दुसरं नाही. आधुनिक औषधशास्त्रातही याच झाडातल्या सीबीडी या दुसऱ्या द्रव्यापासून अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांवर औषध तयार झालं आणि अमेरिकेत २०१८ साली त्याला मंजुरी मिळाली. मोजलेली मात्रा, ठरलेला आजार, डॉक्टरांची चिठ्ठी. टपरीवरच्या पुडीत यातलं काहीच नसतं.

आता फुलोरा. व्याख्यानाचा भर इथेच असला पाहिजे, आणि इथे कसलीही सौम्यता नको.

मादी फुलोऱ्यावर बारीक ग्रंथी असतात, त्यांतून राळ पाझरते आणि त्या राळेत टीएचसी असतं. १९६४मध्ये इस्राएलमध्ये मेशूलम आणि गाओनी या रसायनशास्त्रज्ञांनी ते शुद्ध रूपात वेगळं करून त्याची रचना सांगितली. मादीला पराग मिळाला नाही तर ती बी धरत नाही आणि फुलोरा राळेने भरत जातो. वर्तमानपत्रांत हल्ली ‘हायड्रो गांजा’ हा शब्द वारंवार येतो. तो म्हणजे बंद खोलीत, मातीशिवाय, दिव्यांच्या उजेडात वाढवलेल्या अशाच निवडक मादी झाडांचा फुलोरा. धाग्यासाठी डोंगरात उगवणाऱ्या झाडात आणि याच्यात टीएचसीच्या प्रमाणाचा फरक कित्येक पटींचा असतो. जीवशास्त्राच्या तासाला नर-मादी फुलं शिकलेल्या मुलाला हे सांगितलं, तर ‘नैसर्गिक आहे, झाडच तर आहे’ या युक्तिवादातली हवा त्याची तोच काढेल.

मेंदूची घडण विशीच्या पुढेपर्यंत चालू असते. किशोरवयात नियमित गांजा घेणाऱ्यांमध्ये स्मरण, एकाग्रता आणि शिकण्याची क्षमता घटलेली दिसते, आणि ज्यांचा मुळात मनोविकाराकडे कल असतो त्यांच्यात भास, संशय अशा गंभीर मनोविकारांचा धोका वाढतो. जितकं लवकर सुरू, जितकं तीव्र, तितका धोका जास्त. आपल्या शहरात १९०१पासून मनोरुग्णालय आहे. तिथल्या किंवा आसपासच्या एखाद्या मनोविकारतज्ज्ञांना बोलवा, त्यांनी पाहिलेलं त्यांच्या तोंडून मुलांना ऐकू द्या. मुलं कॅनडाचं उदाहरण देतात, तेव्हा तेही टाळू नका. कॅनडाने २०१८मध्ये गांजा कायदेशीर केला हे खरं. पण १८ वर्षांखालच्या कुणालाही तो विकणं तिथेही गुन्हा आहे आणि बहुतेक प्रांतांत वयाची अट १९ आहे. ज्या देशाने मोकळीक दिली, त्यानेही किशोरांना बाहेरच ठेवलं.

कायद्याबद्दलही नुसता धाक नको, तपशील द्या. गॅलरीतल्या कुंडीत हौस म्हणून एक रोप लावलं तरी ती विनापरवाना लागवड होते आणि तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हे अनेक मोठ्यांनाही माहीत नसतं. गांजा एक किलोपर्यंत सापडला तर कायदा त्याला अल्प प्रमाण म्हणतो, पण गुन्हा तोही असतोच. आणि आपल्या व्याख्यानांतून मी कधीच न ऐकलेली गोष्ट म्हणजे याच कायद्याचं ६४-अ कलम. व्यसनाच्या आहारी गेलेल्या माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले आणि ते पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवला जात नाही. ज्या मुलाने आधीच सुरुवात केली आहे, त्याला आपल्या भाषणातून ऐकू येतं ते फक्त ‘तुरुंग’. तो आणखी लपतो. त्याला परतायची वाट आहे हे त्याच सभागृहात, त्याच आवाजात सांगा. १४४४६ हा सरकारचा मोफत मदत क्रमांक फळ्यावर लिहा आणि पुसू नका.

आपल्याकडे माझ्या मागण्या फार नाहीत. व्याख्यानाचा अर्धा वेळ प्रश्नांना द्या आणि प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता घ्या. चिठ्ठीत काहीही आलं तरी उत्तर द्या. वक्ता पोलीस खात्यातला असेल तर सोबत शाळेच्या जीवशास्त्राच्या शिक्षकांना बसवा. ‘सगळं विष’ हे वाक्य कायमचं काढून टाका.

आणि जमेल त्या शाळेने अंबाडी आणि ताग लावावा. भांग लावता येणार नाही हे उघड आहे, पण हे दोन्ही लावायला कुणाची परवानगी लागत नाही. बी कृषी सेवा केंद्रात मिळतं. शाळा जूनमध्ये सुरू होते, पाऊसही तेव्हाच. दाटीने पेरलं की सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत फुलावर येतं आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे मुलं स्वतःच्या हाताने वाख काढू शकतात. अंबाडीचं वरचं पान भांगेच्या पानासारखंच बोटाबोटांचं असतं, म्हणून वाफ्याजवळ पाटी लावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यालाही आधी कळवून ठेवा, म्हणजे कुणाचा गैरसमज होणार नाही. दोन्हींतला फरक ओळखणं हाच मुलांना चांगला धडा होईल. अंबाडीच्या खोडावर बारीक काटे असतात, फूल मोठं, फिकट पिवळं, आत गडद डोळा. भांगेला पाकळ्यांची फुलंच नसतात आणि वास उग्र असतो.

पेंढ्या कुजवायला तलाव नको, एक मोठं पिंप पुरतं. साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात. वास येतो, म्हणून पिंप वर्गांपासून लांब ठेवा. आणि डेंग्यूचे दिवस असतात, तेव्हा पिंपाच्या तोंडाला जाड कापड घट्ट बांधायला विसरू नका. कुणी बोलावलं तर पेरणीपासून पीळ देईपर्यंत मी यायला तयार आहे, मानधन नको.

आपली,
ठाण्यातील एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका